गाव उठतं तेव्हा नेमकं काय जातं? : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

मागच्या महिन्यात या सदरात मी कोयना धरणात बुडालेल्या आमच्या गावाबद्दल लिहिलं होतं. आमची माणसं 1960च्या आसपास जावळीच्या खोऱ्यातून उठली आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात येऊन वसली. माझा जन्म इकडचा. त्या लेखावर आलेल्या पत्रांतून चार इथे घेते आहे. एकाला जास्त जागा दिली आहे, कारण ते पत्र वाचून मी दोन दिवस दुसरं काही लिहू शकले नाही.

प्रश्न : ताई, आम्हीही कोयनेचे. वडील आठ-नऊ वर्षांचे असताना गाव सुटलं. माझी मुलगी मुंबईत कॉलेजात आहे आणि पॅलेस्टाईनबद्दल फार तळमळीने बोलते. परवा जेवताना ती म्हणाली, "आबा, तुमचं आणि त्यांचं दुःख एकच आहे." वडील ताटावरून उठले. म्हणाले, "आमच्यासाठी कोण रडलं? आणि आम्ही काही लढाईत हरलेलो नाही, आम्ही देशासाठी गाव दिलं." तेव्हापासून आजोबा आणि नात धड बोलत नाहीत. मी कोणाची बाजू घेऊ?
(एक वाचक, पनवेल)

उत्तर : आधी तुमच्या वडिलांचं वाक्य घेते. "आम्ही देशासाठी गाव दिलं" असं आमच्याकडची सगळी जुनी माणसं म्हणतात. माझी आईही म्हणायची. खरं तर 1894च्या भूसंपादन कायद्यात "गाव देता का?" असं कुणी विचारायची सोयच नव्हती. नोटीस यायची. पण घेतलेल्या गोष्टीला आपण "दिली" म्हटलं की मान वर ठेवून जगता येतं, आणि या माणसांनी साठ वर्षं त्या एका शब्दावर काढली आहेत. "तुम्हाला हुसकावलं" हे नातीच्या तोंडून, तेही ताटावर बसलेलं असताना ऐकणं सोपं नसतं. ते वाक्य त्यांच्याकडून काढून घेऊ नका.

शिवाय त्यांचं म्हणणं एका अर्थी बरोबरच आहे. दोन्ही दुःखं एक नाहीत. 1948च्या युद्धात सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी माणसांची घरं सुटली. काहींना हाकललं, काही जिवाच्या भीतीने पळाली. चारशेहून अधिक गावं ओस पडली. माणसं परत यायला निघाली तेव्हा सरहद्द बंद होती. त्यांना घरी परतू द्यावं असं सांगणारा संयुक्त राष्ट्रांचा 194 क्रमांकाचा ठराव 11 डिसेंबर 1948चा आहे, आणि तो अजून कागदावरच आहे. लेबनॉनच्या छावण्यांत जन्मलेल्या त्यांच्या नातवंडा-पतवंडांना तिथे कित्येक व्यवसाय करता येत नाहीत. गाझात ऑक्टोबर 2023 नंतर जी माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुन्हा पुन्हा पळत राहिली, त्यांतली बहुतेक 1948च्या निर्वासितांचीच मुलंबाळं. आपल्यावर कुणी बंदूक रोखली नव्हती. मोबदला तुटपुंजा होता, जमीन बरड होती, पण हातात मताचा हक्क होता आणि देश आपला होता. हा फरक तुमच्या मुलीने नीट समजून घ्यावा. सगळं एकच म्हटलं की दोघांचीही बाजू लंगडी पडते.

तरीही तिला त्यात काहीतरी ओळखीचं दिसलं, आणि ते खोटं नाही. तिला म्हणावं, आबांना इक्रितची हकीकत सांग.

इक्रित हे उत्तर गॅलिलीतलं, लेबनॉनच्या हद्दीलगतचं ख्रिस्ती पॅलेस्टिनी गाव. नोव्हेंबर 1948 मध्ये इस्रायली लष्कराने गावकऱ्यांना सांगितलं, सुरक्षेसाठी दोन आठवडे बाहेर राहा, मग घरी या. दोन आठवडे उलटले, परवानगी आली नाही. ही माणसं इस्रायलचीच नागरिक होती, म्हणून त्यांनी कोर्टात दाद मागितली. जुलै 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी लष्कराने गावातली घरं उडवून दिली. चर्च आणि कब्रस्तान तेवढं उरलं. पुढे 1970च्या दशकात गावकऱ्यांना आपल्या मृतांना तिथे नेऊन पुरायची मुभा मिळाली. म्हणजे इक्रितचा माणूस जिवंतपणी इक्रितला राहू शकत नाही, मेल्यावर जाऊ शकतो. 2012 मध्ये तरुण नातवंडांनी चर्चपाशी मुक्काम टाकायला सुरुवात केली.

नागरिक असलेली, मत देणारी, कोर्टात जिंकलेली माणसं. हे ऐकताना तुमच्या वडिलांना ती परकी वाटणार नाहीत, अशी माझी खात्री आहे.

माझं मत असं आहे की सारखेपणा आधी भावनेत शोधू नये, गाव उठवण्याच्या रीतीत शोधावा. आधी सांगितलं जातं, थोडे दिवसच जायचंय, किंवा मोठ्या कामासाठी जायचंय. मग माणसं विखुरली जातात. कोयनेची गावं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी जिकडे जागा दिसली तिकडे पाठवली गेली, चुलत घराणी तुटली, सोयरीक तुटली. आणि नंतर कागद मागतात : तुम्ही तिथले होतात हे तुम्हीच सिद्ध करा. घाव एकाच जागी बसतो, म्हणून कळही एकाच जागी येते.

माणसं विखुरली म्हणजे काय होतं ते आमच्या पालखीवरून सांगते. नव्या गावठाणात प्लॉट चिठ्ठ्या टाकून वाटले. वरची आळी, खालची आळी, गुरवाचं घर, सुताराचं घर, सगळी सरमिसळ झाली. पहिल्या शिमग्यात वाघजाईची पालखी निघायच्या वेळेलाच भांडण उभं राहिलं. आधी कुणाच्या दारात न्यायची? जुन्या गावात मानाचा क्रम आणि घरांची रांग एकच होती, त्यामुळे हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. रात्रभर बैठक झाली आणि ठरलं की पालखी जुन्याच क्रमाने फिरवायची. ती आजही तशीच फिरते. पहिल्या दारातून निघाली की गावठाणाच्या पार दुसऱ्या टोकाला जाते, तिथून उलटी मध्यावर येते, मग शाळेच्या मागे, मग पुन्हा टाकीकडे. परका माणूस पाहील तर म्हणेल, खांदेकऱ्यांची वाट चुकली. दोन तासांच्या फेरीला उजाडतं. आई पालखीमागून चालायची आणि हलक्या आवाजात म्हणत जायची, "आता वडाचा पार. आता चावडी. आता तात्यांची पडवी." समोर असायचे विजेचे खांब आणि सिमेंटचं गटार. तिची पावलं मात्र जुन्या गावात पडत होती.

लेबनॉन-जॉर्डनच्या छावण्यांत पॅलेस्टिनी माणसं गावागावाने एकत्र राहिली, वस्त्यांना आपल्या सुटलेल्या गावांची नावं दिली, हे मी वाचलं तेव्हा मला ही पालखीच आठवली. गाव म्हणजे कोणाच्या शेजारी कोण, कोणाच्या मागून कोण. तेवढं राखायला ती माणसं धडपडली, आमचीही धडपडली.

मुलगी तरुण आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. आपण ज्या रायगडात येऊन वसलो तिथे शतकानुशतकं बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, राहत होते, गावोगाव त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांना इथून कुणी हुसकावलं नाही, तरी 1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले आणि तिथेही त्यांनी "मायबोली" नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. युरोपातल्या ज्यूंवर जे गुदरलं ते तर सांगायला नको. घराची आस काय असते हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्यांच्याच राज्याच्या लष्कराने इक्रित पाडलं. यावरून ज्यूंचा राग करावा असं मी मुळीच म्हणत नाही. आमचं गावठाण ज्या माळावर बसलं तिथेही आधी कातकऱ्यांच्या झोपड्या होत्या. त्यांना कुणी नोटीसही दिली नव्हती. एका सकाळी त्यांनी मडकी उचलली आणि ते डोंगराकडे सरकले, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. त्यांनीही ते "देशासाठी दिलं" असं आपल्यातलं कुणीच म्हणत नाही.

तुम्ही बाजू घेऊ नका. मुलीला सांगा, "एकच" हा शब्द सोड आणि आधी आबांचं पुरतं ऐकून घे. त्यांचं सांगून झाल्यावर इक्रितचं सांग. ते स्वतःच विचारतील, "मग आता ती माणसं कुठं असतात?" हा प्रश्न त्यांच्या तोंडून यायला हवा.

प्रश्न : कोयनेच्या विजेवर महाराष्ट्र उभा राहिला. विकासासाठी कुणाला तरी झळ सोसावी लागतेच आणि विस्थापितांना मोबदलाही मिळाला. साठ वर्षांनंतरही हे रडगाणं कशासाठी?
(एक वाचक, पुणे)

उत्तर : कोयनेची वीज मलाही हवी आहे, मी ती रोज वापरते. 1,960 मेगावॅट ही लहान गोष्ट नाही आणि तिचा मला अभिमान आहे. मी फक्त हिशेब मागते आहे.

आमची गावं उठली तेव्हा राज्यात पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. तो आला 1976 मध्ये. पुढे 1986चा, मग 1999चा आला, आणि केंद्राने 1894चा भूसंपादन कायदा बदलला तो थेट 2013 मध्ये. "आधी पुनर्वसन, मग धरण" ही घोषणा धरणग्रस्तांना रस्त्यावर येऊन द्यावी लागली, कारण सगळीकडे क्रम उलटा होता. कोयनेचे धरणग्रस्त 2018 मध्ये भारत पाटणकरांच्या श्रमिक मुक्ती दलाबरोबर कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. मागण्या काय, तर बाकी असलेल्या जमिनी द्या, संकलनाची नोंदवही, म्हणजे कोणाचं काय गेलं आणि कोणाला काय मिळालं याची सरकारी यादी, पूर्ण करा. पुनर्वसित गावठाणाला 18 नागरी सुविधा द्यायच्या असतात. त्यातली स्मशानभूमीची वाट आमच्याकडे कित्येक वर्षं नव्हती. पावसाळ्यात मयत दुसऱ्याच्या बांधावरून न्यावं लागायचं आणि त्या बांधाच्या मालकाशी आधी बोलणी करावी लागायची. घरात मढं असताना वाटेची परवानगी मागायला जाणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे मी पाहिलं आहे. त्याला रडगाणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

काही जण खोरं न सोडता पाण्याच्या वर, डोंगरउतारावर सरकून राहिले होते. तिथे 1985 मध्ये अभयारण्य झालं, 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, आणि त्यांतल्या कित्येक गावांना पुन्हा उठायची वेळ आली. झळ कुणाला तरी सोसावी लागतेच, हे तुमचं वाक्य. तर ती पुन्हा पुन्हा त्याच माणसांना का, एवढं तुम्हीच मला सांगा.

आणि साठ वर्षं म्हणता, तर मुळशीच्या मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला तो 1921 मध्ये. गोष्ट शंभर वर्षांहून जुनी आहे.

प्रश्न : दर हिवाळ्यात नागपुरात तिबेटी लोकांचा स्वेटरांचा बाजार भरतो. एक बाई ओळखीच्या झाल्या आहेत. उत्तम मराठी बोलतात, जन्म गोठणगावचा. तरी बोलता बोलता "आमच्या देशात जायचंय" म्हणतात. इथे जन्मल्या, वाढल्या, मग नागरिकत्व घेऊन मोकळ्या का होत नाहीत? विचारलं तर त्यांना वाईट वाटेल का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : "मोकळ्या का होत नाहीत" असं विचारलंत तर वाईट वाटेल.

दलाई लामांनी 17 मार्च 1959च्या रात्री ल्हासा सोडलं आणि त्यांच्यामागून हजारो माणसं हिमालय ओलांडून आली. त्यांतल्या कित्येकांनी सुरुवातीची वर्षं हिमालयातल्या रस्त्यांची खडी फोडण्यात काढली. पुढे देशभर वसाहती झाल्या. महाराष्ट्रातली वसाहत 1972ची, तेव्हाच्या भंडारा आणि आताच्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ. नाव नोर्ग्येलिंग. बर्फातून आलेली माणसं झाडीपट्टीच्या उन्हात शेती करायला शिकली आणि थंडीत स्वेटर विकायला शहरोशहरी जाऊ लागली.

कायद्याचं म्हणाल, तर 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्माने भारतीय नागरिक ठरते. तिबेटी कुटुंबातलीही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2010 मध्ये एका तिबेटी तरुणीच्या पासपोर्टच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. त्यानंतर अनेकांनी पासपोर्ट घेतले, अनेकांनी घेतले नाहीत. न घेणाऱ्यांत बऱ्याच जणांची भावना अशी असते की नागरिक झालो म्हणजे परत जाण्याचा आपला दावा आपणच मिटवला. ते परदेशी म्हणून नोंदणीचं पुस्तक बाळगतात, ठरल्या मुदतीने त्याचं नूतनीकरण करतात, प्रवासाला निघताना कागदांची जुळवाजुळव करतात. हा त्रास ते जाणूनबुजून सोसतात. एकाच घरात एक भाऊ पासपोर्टवाला आणि एक नोंदणीवाला असू शकतो, आणि दोघंही तिबेटवर सारखंच प्रेम करत असतात.

एक गोष्ट पाहा. थंडी सरली की या बाई दुकान आवरून लोसारला, त्यांच्या नव्या वर्षाला, "घरी" जायची घाई करतील. ते घर गोठणगावचं. माझ्या आईचंही असंच होतं. मुंबईला भावाकडे आली की "मला गावाला सोड" म्हणायची, ते रायगडच्या गावाला. तापात मात्र ती कोयनेकाठच्या पाणवठ्याविषयी बोलायची. या दोन्हींत भांडण नव्हतं.

त्यांना विचारायचंच असेल तर आई-वडील तिबेटातल्या कुठल्या भागातले, ते विचारा. वाटेत कोण कोण होतं, ते विचारा. गिऱ्हाइकाची गर्दी नसेल तेव्हा, स्टूल ओढून बसून.

प्रश्न : माझं वय 24. आजोबांचा प्रकल्पग्रस्त दाखला माझ्या नावावर झाला आहे आणि मी सरकारी भरतीची तयारी करतो आहे. आजोबा दर मे महिन्यात कोयनेच्या पाण्याकाठी तापोळ्याकडे जातात आणि नुसतं पाणी बघून येतात. मला मात्र त्या गावाबद्दल खरंच काही वाटत नाही. मग दाखला वापरणं ढोंग नाही का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : दाखला बिनधास्त वापरा. सरकारी भरतीत प्रकल्पग्रस्तांसाठी असलेलं ते 5 टक्के समांतर आरक्षण म्हणजे न चुकवलेल्या मोबदल्याचा एक हप्ता आहे, तुमच्या हळवेपणाचं बक्षीस नव्हे.

वाटण्याचं म्हणाल, तर न पाहिलेल्या गावाबद्दल आपोआप काही वाटलंच पाहिजे असा नियम नाही. चागोस बेटांचं पाहा. हिंदी महासागरातल्या या बेटांवरून ब्रिटिशांनी 1968 ते 1973 या काळात दीड-दोन हजार माणसं हलवली, कारण दिएगो गार्सिया हे बेट अमेरिकेच्या लष्करी तळासाठी मोकळं हवं होतं. मॉरिशसला औषधपाण्यासाठी गेलेल्यांना परतीच्या बोटीपाशी सांगितलं, तुमची बेटं विकली गेली. उरलेल्यांची पाळलेली कुत्री मारली आणि मग माणसांना बोटीत घातलं. 1982 मध्ये भरपाई देताना इंग्रजी कागदावर अंगठे घेतले. त्यात परतीचा हक्क सोडल्याचं लिहिलं होतं, आणि अंगठा देणाऱ्या कित्येकांना ते वाचता येत नव्हतं. आमच्याकडच्या मोबदल्याच्या कागदांवरचे अंगठे मी पाहिलेत, त्यामुळे हे वाचताना मला थांबावं लागलं. 2006 मध्ये शंभरेक जणांना काही दिवसांसाठी बेटांवर जाता आलं. तिथे पोचल्यावर ते रान काढायला लागले. आई-बापांच्या कबरी झाडोऱ्याखाली गेल्या होत्या, त्या त्यांनी साफ केल्या. मे 2025 मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांच्यात बेटं परत देण्याचा करार झाला, पण त्या करारानुसार दिएगो गार्सियाचा तळ 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने राहायचा आणि त्या बेटावर मूळ माणसांना वस्ती करता यायची नाही, असं ठरलं. आज हा लढा लढणाऱ्यांत मॉरिशसमध्ये आणि इंग्लंडमध्ये जन्मलेली, बेट कधीही न पाहिलेली मुलं आहेत. त्यांच्या हातात काम आहे, म्हणून त्यांना वाटतं.

तुम्हालाही मी कामच देते. उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, आणि इंदापूर भागातली माणसं मुलाबाळांना घेऊन ते पाहायला जातात. तुमचे आजोबा तापोळ्याला तेच शोधत असणार, एखादं जोतं, एखादा बांध. यंदा त्यांच्यासोबत जा. मोठा कोरा कागद न्या आणि पाण्याकडे तोंड करून त्यांना गाव काढायला सांगा. आळ्या, विहिरी, भाताची खाचरं, वरकस, शिवारातल्या प्रत्येक तुकड्याचं नाव. पॅलेस्टिनी माणसांनी आपल्या उठलेल्या गावांची अशी पुस्तकंच केली आहेत, हाताने काढलेल्या नकाशांसकट. जिल्हा पुनर्वसन कार्यालयातून संकलन नोंदवहीची प्रत काढा आणि नकाशाशी ताडून पाहा. कुळांची, बलुतेदारांची, गावाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांची नावं वहीत सापडतात का ते मुद्दाम बघा. आमच्या वहीत महारवाड्यातली अर्धी घरं नव्हती.

आणि आजीला वेगळी बसवा. आजोबांच्या देखत ती "मला काय ठाऊक" म्हणेल. एकटी असली की कुठल्या दगडावर धुणं व्हायचं, कुठली वाट संध्याकाळी टाळायची, पहिलं बाळ कुठल्या खोलीत झालं, हे सगळं सांगेल. ती त्या गावात नांदायला आली होती, तिचं माहेरही बहुधा त्याच पाण्याखाली आहे, आणि त्याचा दाखला तिच्या नावाने कुणी काढलेला नाही. तिच्या माहेरचा नकाशा दुसऱ्या कागदावर काढा.